कार्ड बोलेना

मेहरूण, जळगाव
१५ फेब्रुवारी १९९९

चि. सौ. कुंदा हिला अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. खरं तर फोनच करणार होतो. पण तुझ्या घरमालकीण बेबाबाई फोन तुझ्या हातात देतात आणि तिथेच गहू निवडत बसतात, हे मागच्या वेळी कळलं. मी "कशी आहेस?" विचारलं तर मागून त्यांनीच "बरी आहे" म्हणून उत्तर दिलं. शिवाय तू नुसतं "हं" म्हणतेस आणि इकडे एसटीडीवाल्याच्या मशीनवर आकडे पळत असतात. पत्रात निदान नुसतं "हं" लिहून भागत नाही.

इकडे सर्व ठीक. नानांची तब्येत उत्तम. स्वयंपाक आम्ही आळीपाळीने करतो. नानांची पाळी असली की मी जेवतो. माझी असली की नाना नेमीचंदशेठकडे जाऊन बसतात.

पत्र लिहिण्यास कारण की, घरात एक साउंड कार्ड आलं आहे. आलं आहे म्हणजे मी आणलं. तू कम्प्युटर जोडलास तेव्हा "आवाजाची काय गरज?" म्हणाली होतीस. आता नानांना गरज वाटू लागली आहे, आणि त्याला कारण नेमीचंदशेठ. शेजारी असून त्यांनी असं करायला नको होतं. त्यांनी बियाण्याच्या दुकानात विंडोजवाला कम्प्युटर घेतला. तो चालू झाला की आधी स्वतःच वाजतो, मग शेठ त्याच्यावर भजन लावतात, मग गिऱ्हाइकाला कापसाचं बी दाखवतात. नानांनी तिथे चार लोकांत सांगितलं की आमच्या सूनबाईने स्वतःच्या हाताने जोडलेला कम्प्युटर आहे, त्यात लिनक्स आहे, आणि ते तुमच्या विंडोजच्या वरताण असतं. शेठ म्हणाले, "नानासाहेब, मग वाजवून दाखवा ना."

म्हणून कार्ड आणलं. झाकण काढलं, तू शिकवलं होतंस तसा आधी पत्र्याला हात लावला, कार्ड खाचेत दाबून बसवलं. कम्प्युटर चालू होतो, लिनक्स चालू होतं, आवाज मात्र नाही. घरात नवीन कोणी आलंय याची त्याला दादच नाही. काय करावं ते कळव. घाई नाही. म्हणजे मला नाही, नानांना आहे.

तुझा,
अभिमन

ता. क. तुझी हिरवी शाल इथेच राहिली. पाठवू?


देवपूर, धुळे
२२ फेब्रुवारी १९९९

अभिमनराव,

आशीर्वाद पोचले. तुम्ही माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठे आहात, तीस नव्हे. पुढच्या पत्रात नसले तरी चालतील.

"आवाज नाही" हे झालं लक्षण. दुखणं कुठे आहे ते बघावं लागेल. कार्डाच्या मागे सारखीच दिसणारी तीन-चार भोकं असतात. स्पीकरची वायर त्यातल्या कुठल्या भोकात आहे ते आधी पाहा. माइकच्या भोकात असणार, असा माझा अंदाज आहे.

मग सोबतच्या वेगळ्या कागदावर कमांड लिहून दिल्या आहेत त्या मारा. अक्षर न् अक्षर तशाच, बारक्या लिपीत. स्क्रीनवर जे येईल ते जसंच्या तसं उतरवून पाठवा. अर्थ लावू नका. तुम्ही अर्थ लावता तिथेच घोळ होतो.

नानांना नमस्कार. शाल राहू द्या, इथली थंडी संपली.

कुंदा


मेहरूण, जळगाव
१ मार्च १९९९

प्रिय कुंदा,

(आशीर्वाद वगळले आहेत.)

वायर माइकच्या भोकात नव्हती. आता नाही, एवढंच सांगतो.

कमांड मारल्या. पहिल्या प्रथम मशीनने एकही ओळखली नाही. नंतर लक्षात आलं की मी सगळं मोठ्या अक्षरांत मारत होतो. वीज मंडळात आम्ही सगळं मोठ्या अक्षरांतच मारतो, ग्राहकाला धाक बसतो. बारक्या अक्षरांत मारल्यावर मशीनने उत्तर दिलं. तू म्हणालीस तसं उतरवलं आहे, सोबतचा कागद पाहा. मी अर्थ लावलेला नाही, पण शेवटी "असं कोणतंही यंत्र नाही" अशा अर्थाचं इंग्रजी आहे. यंत्र तर समोर आहे. मी हात लावून पाहिलं.

नेमीचंदशेठ रविवारी मुद्दाम येऊन गेले. खुर्ची ओढून कम्प्युटरसमोर बसले आणि म्हणाले, "अभिमनभाऊ, ये तर आमच्या महाराजांसारखा निघाला. मौनव्रत धरलं याने." नानांचा चेहरा पडला. शेठ गेल्यावर नानांनी डब्याच्या डोक्यावर दोन थापा मारल्या. आपला जुना रेडिओ थापेने चालायचा, त्यामुळे त्यांचा थापेवर विश्वास आहे.

"आभिमन," नाना म्हणाले, "सूनबाई व्हती तवय हाऊ डबा चांगला चाले. आते रुसना."

मी म्हटलं, तेव्हाही आवाज नव्हता, नाना.

तर म्हणाले, "आवाज नव्हता, पन घरमा बोलाचाली व्हती."

नानांना भुसावळला रेल्वेत गार्ड असताना मोठ्याने बोलायची सवय लागली, त्यामुळे हे सगळ्या गल्लीने ऐकलं.

तुझा,
अभिमन


देवपूर, धुळे
९ मार्च १९९९

अभिमनराव,

कागद पाहिला. उतरवून नीट घेतलंत. दुखणं सापडलं.

कार्ड मेलेलं नाही, झोपलेलं आहे. ही नव्या धाटणीची कार्डं कुणी उठवल्याशिवाय उठत नाहीत. विंडोज त्यांना आपसूक उठवतं. आपलं लिनक्स असल्या कार्डाला आपण होऊन उठवत नाही, त्याला सांगावं लागतं. त्यासाठी एक फाइल करायची. सोबतच्या कागदावरच्या पहिल्या कमांडने ती आपोआप तयार होईल. ती उघडली की दिसेल, बहुतेक ओळींच्या आधी # अशी जाळीची खूण असते. ज्या ओळीआधी ही खूण आहे ती ओळ मशीन वाचत नाही. कागदावर ज्या ओळी मी अधोरेखित केल्या आहेत, त्यांच्याच आधीची खूण काढा. बाकीच्यांना हात लावू नका.

थापा मारू नका. आत हार्ड डिस्क आहे.

कुंदा


मेहरूण, जळगाव
१८ मार्च १९९९

प्रिय कुंदा,

मी सगळ्याच खुणा काढल्या.

रागावू नको. आधी तुझ्या सांगण्याप्रमाणेच काढत होतो. मग वाटलं, बाकीच्या ओळींनी काय घोडं मारलंय? त्याही कामाच्याच असतील. मशीन जागच्या जागी गोठलं. कळफलक दाबला तर काही नाही. मी आता काय करावं असा विचार करत होतो तोच लाइट गेली.

लाइट गेली की आपल्या गल्लीत काय होतं ते तुला माहीत आहे. मी बिलिंग सेक्शनला आहे, तारांशी माझा संबंध नाही, हे मी लग्नाच्या आधीपासून सांगतो आहे. तरी सगळे आपल्याच ओट्यावर येतात. परवा बेसनात हात बरबटलेल्या बायका आल्या, शेवया अर्ध्यावर टाकून माणसं आली, आणि नेमीचंदशेठ टॉर्च घेऊन आले. शेठ मला म्हणाले, "मंडळाची माणसं अंधारात, आणि मंडळाच्या माणसाचा कम्प्युटर मुका. काय योग आहे!" लोक हसले. मीही हसलो. नाना हसले नाहीत.

लाइट आल्यावर मशीन उठलं ते इंग्रजीत प्रश्नांवर प्रश्न विचारत. हे दुरुस्त करू? तेही दुरुस्त करू? मी प्रत्येकाला "हो" म्हणत गेलो, साहेबांना म्हणतो तसं. शेवटी एकदाचं पूर्ववत झालं. फाइल मी पुन्हा नव्याने करीन, तू कळव.

दुसरी गोष्ट. आमच्या ऑफिसातला शालिग्राम, त्याचे मेहुणे तुझ्या पॉलिटेक्निकात वर्कशॉपला आहेत. त्यांच्याकडून कळलं की तुला तिथे कायम करणार आहेत आणि एप्रिलअखेर तुझा होकार द्यायचा आहे. तू काही लिहिलं नाहीस. म्हणजे लिहायलाच हवं होतं असं नाही. सहज आठवलं म्हणून लिहिलं.

तुझ्या खोलीत पंखा आहे का? धुळ्याचा उन्हाळा वाईट.

तुझा,
अभिमन


देवपूर, धुळे
२५ मार्च १९९९

अभिमनराव,

पंखा आहे.

फाइल नव्याने करा. या वेळी एक बदल. तुमच्या कार्डाला कामासाठी एक नंबर लागतो आणि ते पाच हा नंबर मागतंय. तो मी मागेच नेटवर्क कार्डाला देऊन ठेवलेला आहे. दोघांनी एकच नंबर धरला की दोघंही अडून बसतात. म्हणून साउंड कार्डाच्या ओळीत पाचच्या जागी दहा लिहा. नंतर मशीन चालू होताना मजकूर पळतो तो बघत राहा. त्यात कार्डाचं नाव दिसलं तर समजा की ते सापडलं.

दुसरी गोष्ट साउंड कार्डाची नाही, त्यामुळे तिचं उत्तर या पत्रात कसं द्यावं ते मला कळत नाही. डिसेंबरात ही नोकरी लागली तेव्हा तुम्ही म्हणालात, "चार दिवसांची हौस आहे, करून ये." पेटी घेऊन स्टँडवर मी एकटी गेले. नाना रिक्षापर्यंत आले होते. इथे माझ्याकडे बत्तीस मुलं आणि सात मशिनं आहेत, आणि परवा एका पोराने स्वतःहून मशीन उघडून पंखा साफ केला, तेव्हा मला जे वाटलं ते चार दिवसांचं नव्हतं. एवढंच.

शेठना सांगा, मौनव्रत सुटायला वेळ लागतो.

कुंदा


मेहरूण, जळगाव
१ एप्रिल १९९९

प्रिय कुंदा,

कार्ड सापडलं!

मजकूर पळत होता त्यात नाव दिसलं. मी "नाना! नाना!" ओरडलो. नाना बाहेर दाढी करत होते, अर्ध्या तोंडाला फेस तसाच ठेवून धावत आले आणि म्हणाले, "काय झायं? कोन पडना?" मी स्क्रीनवर बोट ठेवलं. नानांना इंग्रजी येत नाही, पण त्यांनी ते नाव लग्नपत्रिकेतल्या नावासारखं निरखून पाहिलं.

मात्र आवाज अजून नाही. आता कार्ड आहे असं मशीन मान्य करतं, पण बोलत कोणीच नाही. हे जास्त त्रासाचं. आधी निदान कारण होतं.

तू लिहिलंस ते वाचलं. दोनदा वाचलं. त्यावर काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून कार्डाबद्दलच लिहितो.

तुझा,
अभिमन


देवपूर, धुळे
७ एप्रिल १९९९

अभिमनराव,

शाब्बास. मी मनापासून म्हणते आहे.

आता किरकोळ राहिलं. या कार्डांचा आवाज मुळात शून्यावर ठेवलेला असतो. मिक्सर नावाचा प्रोग्राम आहे, कमांड सोबत. त्यात सगळ्या पट्ट्या वर न्या. गाण्याची सीडी लावायची असेल तर सीडी ड्राइव्हपासून कार्डापर्यंत एक बारीक वायर जोडावी लागते. टेबलाच्या खणात, रबर लावलेल्या पुडक्यात आहे.

वाजलं की कळवा. म्हणजे हे काम संपलं.

कुंदा


मेहरूण, जळगाव
१२ एप्रिल १९९९

प्रिय कुंदा,

कळवण्यास खेद वाटतो की अद्याप यश नाही.

पट्ट्या वर नेल्या. वायर जोडली. तरीही आवाज नाही. उलट आता एक नवीनच एरर येतो. जसाच्या तसा उतरवून देतो : "साउंड डिव्हाइस प्रेझेंट, बट नॉट विलिंग." म्हणजे कार्ड हजर आहे पण राजी नाही. (अर्थ लावल्याबद्दल माफ कर.)

एकंदरीत हे काम बरेच दिवस चालेल असं दिसतं. तू सवडीने एक एक उपाय कळवत राहा. मी इथून करत राहीन. नाना मजेत. आखाजीच्या सणाला पुरणाच्या पोळ्या कराव्यात असं ते म्हणतात. कोण करणार ते त्यांनी सांगितलं नाही.

तुझा,
अभिमन


देवपूर, धुळे
२१ एप्रिल १९९९

अभिमनराव,

तुमच्या दुसऱ्या लग्नाबद्दल हार्दिक अभिनंदन.

बातमी नानांकडून कळली. आखाजीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. उघडते तर नाना. हातात पिशवी, पिशवीत वांगी, धोतर धुळीने लाल. रेल्वेचा पास असताना एसटीला कशाला द्यायचे, म्हणून जळगावहून चाळीसगावला आणि चाळीसगावहून धुळ्याच्या गाडीने, असे सकाळचे निघून संध्याकाळी पोचले. पाणी दिलं तर पाणी बाजूला ठेवून आधी बोलायला लागले.

"सूनबाई, तू काही मनवर लेऊ नको. लोके काहीबी बोलतस. लगीनबिगीन काही नही."

"कुणाचं लग्न, नाना?"

"आभिमननं. बठ्ठी गल्ली बोलस. रोज आपला घरमा सनई वाजस, मंग लोके काय म्हनतीन? ती समोरनी कौतिकबाई माले इचारस, नाना, नवरी कोनती गावनी शे?"

"सनई कुठून वाजते?"

"त्या डबामातून! तुनाच डबा. वाजाले लागना तवयपासून थांबाले तयार नही. शालिग्रामनी सीडी दिन्ही, बहीनना लगीननी. दुसरी सीडीच नही घरमा. सकायले सनई, सांजले सनई. मी म्हनस, आभिमन, सूनबाईले कायव. तो म्हनस, नाना, आते नको, आते नको."

मी तुमचं पत्र काढलं आणि एरर त्यांना वाचून दाखवला. "कार्ड हजर आहे पण राजी नाही." नाना इतक्या मोठ्याने हसले की बेबाबाई जिना चढून वर आल्या. त्यांना सगळं सांगावं लागलं. आता देवपुरात सगळ्यांना माहीत आहे.

तो एरर मी आमच्या लॅबमधल्या सगळ्यांना विचारला होता. कुणाच्या पाहण्यात नव्हता. जगातल्या कुठल्याच यंत्रात तो नसणार. पण खरं सांगते, पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा तो मला कार्डाबद्दलचा वाटलाच नाही. तुम्ही माझ्याबद्दलच लिहिलंय असं वाटलं आणि मी दोन दिवस रागात होते. नाना आले नसते तर उत्तरही दिलं नसतं.

आता महत्त्वाचं. नाना परत यायला नाही म्हणतात. काल मी पिशवी भरून दिली तर त्यांनी ती रिकामी करून खुंटीला लावली. म्हणाले, "तठे सनई आयकी आयकी मना कान पिकनात. मी आते आठेच ऱ्हासू." बेबाबाईंच्या अंगणातला नळ गळत होता तो त्यांनी दुरुस्त केला, त्यामुळे त्याही त्यांच्याच बाजूने आहेत.

तुमचं कार्ड चालतं आहे. काम संपलं.

कुंदा


मेहरूण, जळगाव
२८ एप्रिल १९९९

प्रिय कुंदा,

माझे वडील मला न विचारता ठेवून घेतले, याचा निषेध नोंदवतो.

आवाज आल्याचं का लपवलं हे तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. "वाजलं की कळवा, म्हणजे हे काम संपलं," असं तू लिहिलंस. मग कोण कळवेल?

घर मोठं झालंय. नानांचं खोकणं नाही, कुणाशी भांडण नाही. माझ्या हातचं आता मलाच जेवावं लागतं, आणि नाना शेठकडे का जात होते ते कळलं. परवा शेठ स्वतःच आले. मी म्हटलं, ऐका, आणि सनई लावली. शेठनी डोळे मिटून पूर्ण ऐकली. मला वाटलं आता काहीतरी खवचट बोलतील. पण म्हणाले, "अभिमनभाऊ, आवाज माझ्या कम्प्युटरपेक्षा साफ आहे. पण रिकाम्या घरात सनई ऐकवत नाही. बंद करा." मी बंद केली. मग ते घरून डबा घेऊन आले आणि आम्ही दोघं जेवलो. त्या माणसाबद्दल मी उगाच वाईट लिहिलं.

दुसऱ्या दिवशी बदलीचा अर्ज घेऊन साहेबांकडे गेलो. साहेबांनी चष्मा वर केला.

"लोक धुळ्याहून जळगाव मागतात. तुम्ही उलटे कसे?"

"कौटुंबिक कारण आहे साहेब."

"कोण आजारी आहे?"

"कोणी नाही."

"वारलं कोणी?"

"नाही साहेब. बायको आणि वडील तिकडे आहेत."

"दोघंही?" साहेब म्हणाले, आणि मी या दोघांना काय केलं असेल अशा नजरेने माझ्याकडे बघू लागले.

धुळ्याला जागा नाही. दोंडाईच्याला आहे, कारण तिथे कोणी जात नाही. धुळ्यात राहून रोज एसटीने जाणं-येणं करता येईल. सोमवारपर्यंत हो की नाही सांगायचंय.

तेव्हा तुला विचारतो. तुझा होकार द्यायचा बाकी असेल, आणि तू नाही म्हणणार असशील, तर मला दोंडाईच्याला जायची गरज नाही, आपण सगळे इथेच राहू. घर आहे, शेठ आहेत, कम्प्युटर बोलायला लागलाय. तू म्हणशील तसं.

तुझा,
अभिमन


देवपूर, धुळे
१ मे १९९९

अभिमन,

हे पत्र वर्कशॉपच्या भाऊंच्या, म्हणजे शालिग्रामभाऊंच्या मेहुण्यांच्या हाती देते आहे. ते उद्या जळगावला येतायत, शालिग्रामभाऊंकडे देतील.

मी गुरुवारी सही केली. मी कायम झाले. हे तुम्हाला विचारत नाही, कळवते आहे. तुमचं पत्र त्याच्या आदल्या दिवशी आलं असतं तरी मी सहीच केली असती.

"तू म्हणशील तसं" हे मला नको. तुम्ही माझ्यासाठी दोंडाईच्याला गेलात, आणि पुढच्या उन्हाळ्यात एसटीत उभ्याने घाम पुसताना तुमच्या मनात आलं की हिच्या हौसेपायी, तर मला ते न सांगताही कळेल. मग नाना काय, बेबाबाई काय, कुणाला ते दुरुस्त करता येणार नाही. यायचं असेल तर मी इथे कायम आहे हे धरून या. नाहीतर जळगावात राहा, मी सुटीला येईन, नाना जमेल तसं. तेही वाईट नाही. कितीतरी माणसं राहतात.

पण तुम्ही यावं असं मला वाटतं. हे कार्डाच्या पत्रात लिहिता येत नव्हतं, म्हणून आज लिहिते आहे. स्वयंपाकघर वेगळं असलेली दोन खोल्यांची जागा नानांनी शोधून ठेवली आहे. मालकाशी त्यांचं एकदा भांडणही झालं आहे, म्हणजे ती जागा त्यांना पसंत आहे.

कुंदा


मेहरूण, जळगाव
३ मे १९९९

प्रिय कुंदा,

पत्र काल मिळालं. वाचून आधी राग आला. मग भाकरी टाकायला गेलो, ती करपली. तव्यासमोर उभा राहून विचार केला, आणि रागात तथ्य काही सापडेना. तू जे धरून चाल म्हणतेस ते आहेच, मी नाही धरलं तरी आहे.

आज सकाळी साहेबांना होकार दिला. तुझ्यासाठी नाही. मला इथे एकट्याने राहवत नाही, ते माझं कारण आहे, आणि ते माझ्याच नावावर लिही.

एसटीत उभ्याने घाम येईल तेव्हा मी दोंडाईच्याला शिव्या देईन. तेवढं चालवून घे.

अभिमन


दोंडाईचा
१६ जून १९९९

प्रिय कुंदा,

हे पत्र ऑफिसातून लिहितो आहे. आपण दोघं आता एकाच घरात राहतो आणि मी तुला पोस्टाने पत्र पाठवतो आहे, हे कुणाला कळलं तर पुन्हा साहेबांसारखा चष्मा वर करतील. पण घरी सोय कुठे आहे? संध्याकाळी मी दारात पाऊल टाकतो तेव्हा नाना दिवसभराच्या भांडणांचा अहवाल देतात. तो संपेपर्यंत तुझी पोरं शंका घेऊन येतात. त्यातला तो चष्मेवाला तर आपल्याकडे जेवूनच जातो. सोमवारी तर तू आणि तो दोघं कम्प्युटर उघडून बसलात आणि मी तुम्हाला स्क्रू धरून दिले.

काम बरं आहे. इथले लोक मिरचीच्या भावाशिवाय काही बोलत नाहीत. बिल जास्त आलं की तेही मिरचीच्या भाषेतच सांगतात. सकाळच्या गाडीत आता मला ठरलेली जागा मिळते. कंडक्टर भाईदास म्हणून आहे, तो माझ्यासाठी पिशवी टाकून ठेवतो. परवा शिव्या दिल्या, ठरल्याप्रमाणे. नंतर बरं वाटलं.

लिहायचं कारण वेगळंच आहे. काल जेवताना तू प्राचार्यांबद्दल काहीतरी सांगत होतीस. त्यांनी सगळ्यांच्या देखत तुला लॅबबद्दल विचारलं, आणि तू उत्तर द्यायला उठलीस, इथपर्यंत आलं होतं. तुझा चेहराही बदलला होता. तेवढ्यात नानांनी मीठ मागितलं, मग ते घरमालकाच्या म्हशीच्या विषयावर गेले, आणि तुझं राहूनच गेलं. तू पुन्हा काढलं नाहीस. मी आज गाडीत सबंध रस्ताभर विचार करत आलो, की ही काय बोलली असेल.

रविवारी मला सुटी आहे. नानांना बेबाबाईंकडे पाठवतो. तू पहिल्यापासून सांग.

अभिमन